हात मागे, मग प्रश्न

"हात मागे, मग प्रश्न," असं त्या म्हणायच्या. वर्कशॉपच्या दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला. एकदा संस्थेचे अध्यक्ष शाळा बघायला आले आणि लेथ मशीनवर वाकून विचारू लागले, "हे चालतं कसं?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, हात मागे, मग प्रश्न." अध्यक्षांनी मुकाट्याने हात मागे बांधले. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांनीही बांधले. मग सगळी पाहुणेमंडळी प्रार्थनेला उभी राहावी तशी त्या मशीनसमोर उभी राहिली आणि मॅडमनी त्यांना लेथ समजावून सांगितलं.

आमची ऐरोलीची शाळा तशी साधी. पण आजूबाजूला आयटीवाल्यांचे टॉवर उठले तशी संस्थेलाही हौस आली आणि माध्यमिकला 'डिझाइन अँड टेक्नॉलॉजी' नावाचा विषय सुरू झाला. त्या विभागाच्या प्रमुख म्हणून या मॅडम आल्या. मी मराठी शिकवते. स्टाफरूममध्ये जागा नव्हती म्हणून माझं टेबल वर्कशॉपशेजारच्या खोलीत लावलं होतं. त्यामुळे काही वर्षं मी व्याकरणाच्या वह्या करवतीच्या आवाजात तपासल्या.

मॅडम मूळच्या इथल्याच, खाडीकडच्या आगरी गावातल्या. वडिलांची शेती गेली, बदल्यात कारखान्यात नोकरी लागली आणि मुलगी त्यांच्या मागे मागे मशीनशी खेळत मोठी झाली, डिप्लोमा करून शिक्षिका झाली. शाळेत त्यांचं मराठी आमच्यासारखंच असायचं. पण जीव कासावीस झाला की 'ण' जाऊन 'न' यायचा आणि 'आहे'चं 'हाय' व्हायचं. तेवढ्यावरून मी त्यांची मनःस्थिती ओळखायला शिकले होते.

पालकांना हा विषयच कळायचा नाही. "डिझाइन म्हणजे फॅशन का?" असं एका आईने विचारलं. मॅडम म्हणाल्या, "नाही हो. एखाद्याची अडचण बघायची आणि ती हाताने सोडवायची. बस." मुलांना त्यांचा एकच प्रश्न ठरलेला होता, "हे कुणासाठी?" कुणी मोबाइल ठेवायचा स्टँड करून आणला की विचारायच्या, "मोबाइलचे पाय दुखतात का?"

एकदा त्यांनी नववीच्या मुलांना मासळी बाजारात नेलं. दिवसभर खाली बसून कोळणींची कंबर दुखते, म्हणून मुलांनी महिनाभर खपून एक सुरेख स्टूल केलं. ज्या मावशीसाठी केलं तिने ते उलटसुलट करून बघितलं, त्यावर मासळीची पाटी ठेवली आणि स्वतः पुन्हा पाटावर बसली. मुलांचे चेहरे पडले. मॅडम मात्र खूश. परत येताना म्हणाल्या, "बाई वापरत नाही म्हणजे आपण नापास. आता पहिल्यापासून करायचं." अशा आनंदाने नापास होणारी माणसं तुम्हीही क्वचितच पाहिली असतील.

पण विषय घेणारी मुलं कमी होत चालली होती. गेल्या वर्षी संस्थेने सांगून टाकलं की संख्या वाढली नाही तर वर्कशॉप बंद होईल, तिथे कॉम्प्युटर बसतील. मॅडमची झोप उडाली. त्या वर्गावर्गात जाऊन मुलांना विनवायच्या, पालकांना फोन करायच्या. फोनवरचा तो आर्जवी आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा आणि ऐकवायचा नाही. शेवटी ठरलं की पालकांसाठी 'ओपन डे' ठेवायचा, मुलं प्रत्यक्ष काम करताना दिसतील. मुख्याध्यापक म्हणाले, "दोन्ही तुकड्या एकदम आत घ्या. खोली भरलेली दिसली पाहिजे."

"सर, मी एकटी आहे. एवढी मुलं मशीनवर नाही सांभाळता येणार."

"एका दिवसाचा प्रश्न आहे, मॅडम. विषय वाचवायचाय ना?"

 मॅडम "ठीक आहे" म्हणाल्या.

त्या दिवशी मी माझ्या टेबलापाशीच होते. पलीकडे नुसता गलका. मग ड्रिल मशीनचा आवाज एकदम बदलला, काहीतरी फटकन फुटल्यासारखं झालं, आणि सगळी खोली गप्प झाली. मी धावत गेले. मॅडम खाली बसल्या होत्या. त्यांनी एका मुलीचा उजवा हात आपल्या ओढणीत गुंडाळून वर उचलून धरला होता आणि ओढणीचा रंग बदलत होता. ती मुलगी रडत नव्हती. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "सॉरी मॅम. सॉरी मॅम."

ती तन्वी. नववीतली, दिघ्याला राहणारी. वडील एका कंपनीत पॅकिंग खात्यात. गरीब मुलांसाठीच्या राखीव जागेवरून ती लहानपणी शाळेत आली होती; ती सवलत आठवीपर्यंतच, त्यानंतर ती संस्थेच्या मेहेरबानीवर टिकली होती. ड्रिलखाली वस्तू घट्ट धरायला क्लॅम्प लागतो. मुलं दुप्पट झाल्यामुळे क्लॅम्प पुरले नाहीत. समोर पालक बघत उभे, मागे रांग. तन्वीने अॅक्रिलिकचा तुकडा हातानेच धरला, मागून कुणाचा तरी धक्का लागला, तुकडा गरकन फिरला. त्या वेळी मॅडम खोलीच्या दुसऱ्या टोकाला, सोल्डरिंगच्या टेबलाशी होत्या.

ऑपरेशन झालं. हात वाचला, पण तर्जनी आणि मधलं बोट वाकेनाशी झाली. वडील कंपनीच्या गणवेशातच दवाखान्यात आले होते. मुख्याध्यापकांनी त्यांना बाजूला घेतलं. सगळा खर्च शाळा करेल, मुलीची जागाही राहील, पण मुलीने नियम पाळला नाही हेही खरं आहे, असं काहीसं बोलणं झालं. ते परत आले तेव्हा मॅडम उठून उभ्या राहिल्या. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम. पोरीचंच चुकलं."

"कुनी सांगितलं तुम्हाला?" मॅडमनी विचारलं. 'ण' गेला होता.

त्यांनी एकदा मुख्याध्यापकांकडे बघितलं आणि हातातली औषधांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

हातावरच्या जखमा भरतात. पण ते वाक्य तन्वीच्या आत जाऊन बसलं. ती शाळेत परत आली ती हात ओढणीखाली झाकूनच. वहीचं पान उलटताना आवाज झाला तरी ती सॉरी म्हणायची. कुणी तिला धक्का दिला तरी तीच सॉरी म्हणायची. माझ्या तासाला तिला धडा वाचायला सांगितला की आधी सॉरी, मग धडा. एकदा मी हे मॅडमना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा सांगायचं मला धाडस झालं नाही.

पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांनी झाल्या प्रकाराबद्दल दोन वाक्यं बोलून विषय मिटवायला घेतला. 'विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा' हे शब्द त्यांनी वापरले. मॅडम मागच्या रांगेतून उठल्या.

"मुलीची चूक नाही. मला सांभाळता येतात त्याच्या दुप्पट मुलं मी आत घेतली. मला तसं सांगितलं होतं, आणि मी हो म्हटलं. विषय वाचावा म्हणून म्हटलं."

"मॅडम, आपण नंतर बोलू."

"नंतर कुणी ऐकणार नाही, सर."

 त्या खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी राहायला सांगण्यात आलं, आणि मग राजीनामा द्यायला. वर्कशॉपला कुलूप लागलं.

मला वाटलं होतं, निदान तन्वीच्या वडिलांना तरी बरं वाटेल. त्यांनी मला शाळेच्या गेटवर गाठलं आणि कळवळून म्हणाले, "बाई, तुम्ही मॅडमना सांगा. त्या बोलल्या, त्या मोकळ्या झाल्या. माझ्या पोरीला त्याच शाळंत जायचंय." मी ते मॅडमना सांगितलं.  त्या म्हणाल्या, "बरोबर हाय त्यांचं."

त्यानंतर दर रविवारी त्या दिघ्याला जाऊ लागल्या. कधी रबरी पकडीचं पेन घेऊन, कधी बोटांत अडकवायची लाकडी मूठ घेऊन. सगळं घरी, हाताने केलेलं. तन्वी उठून उभी राहायची, डाव्या हाताने ती वस्तू घ्यायची, "थँक यू मॅम" म्हणायची, थोडं लिहून बघायची आणि म्हणायची, "सॉरी, मला जमत नाही." मॅडम ती वस्तू पिशवीत टाकून परत यायच्या आणि पुढच्या रविवारी दुसरी घेऊन जायच्या. पण या नापास होण्यात आता आनंद नव्हता. त्यांचे गाल बसले होते. ओळखीचं कुणी रस्त्यात भेटलं तर त्या पलीकडे जायच्या.

"पेन मिळेल हो, बाई," एकदा त्या मला म्हणाल्या. "डाव्या हातानेही लिहील ती. पण ती मला सॉरी म्हणते. मी गेले की उठून उभी राहते आणि सॉरी म्हणते. हे मी कशाने दुरुस्त करू?"

त्या रविवारी त्यांनी मला बरोबर नेलं. एकटीला आता जाववत नाही म्हणाल्या. दिघ्याच्या चढावरच्या गल्लीत, एकावर एक बांधलेल्या घरांत तन्वीचं घर वरच्या मजल्यावर होतं. लोखंडी जिना चढून गेलो. वडील ड्यूटीवर होते. आईने चहा ठेवला. तन्वी नुकतीच न्हाली होती आणि एका हाताने केस सावरत बसली होती. वेणी तिला घालता येत नव्हती. न वाकणारी बोटं केसांतून निसटत होती. मॅडमना ते बघवलं नसावं. त्या तिच्या मागे जाऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "दे इकडे, मी घालते."

तन्वीने झटक्यात डोकं बाजूला घेतलं. "नको. हात नका लावू."

आई स्टोव्हपाशी थबकली. मॅडमचे हात तसेच राहिले.

"मी हाक मारली होती तुम्हाला," तन्वी म्हणाली.  "क्लॅम्प पाहिजे म्हणून हाक मारली होती. पुन्हा पण मारली. तुम्ही बघितलंच नाही. तुम्ही तिकडे होता. आम्हाला एवढ्या जणांना कशाला आत घेतलं? तुम्हाला माहीत होतं ना? तुम्हीच सांगायच्या ना सगळ्यांना, हात मागे म्हणून? मग कशाला घेतलं?"

"तन्वे, मॅडमशी असं बोलतात का?" आई म्हणाली.

"बोलू द्या तिला," मॅडम म्हणाल्या. मग तन्वीकडे वळून, "हो. मी बघितलं नाही. मला माहीत होतं, तरी घेतलं."

तन्वी रडू लागली. दवाखान्यात रडली नव्हती, शाळेत रडली नव्हती, ते सगळं एकदम. रडता रडता ती ओरडत होती की आता येऊ नका, मला ती पेनं नकोत, मला माझी बोटं पाहिजेत. आई तिला धरायला गेली तर तिच्यावरही ओरडली.  मग मॅडमनी मला खूण केली आणि आम्ही निघालो. चहा तसाच राहिला.

ती आमची शेवटची भेट. नंतर कळलं की त्या उरणला, कंटेनरच्या गोदामात कारकुनीच्या कामाला लागल्या. मी फोन करायची, त्या उचलायच्या नाहीत. पुढे नंबरच बंद झाला. वर्कशॉपमधली मशीनं कुणीतरी टेम्पोत भरून नेली. तन्वी आता दहावीत आहे. डाव्या हाताने लिहिते, अक्षर वाकडं येतं. परवा निबंधातल्या अर्ध्या मार्कासाठी तिने भर वर्गात माझ्याशी वाद घातला आणि माझंच चुकलं होतं हे सिद्ध करून खाली बसली. मला हे मॅडमना सांगायचं होतं. कुठे सांगणार?

त्या दिवशी जिना उतरून आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो. बस आली, मी पुढे झाले. मॅडम आल्या नाहीत. त्या विजेच्या खांबाला टेकून मान वर करून उभ्या होत्या. वरच्या घरातून तन्वीचा आवाज अजून येत होता. आता ती आईशी भांडत होती. शब्द कळत नव्हते, पण आवाज चढलेला होता, चांगला खणखणीत.

"आयकताय ना, बाई?" मॅडम म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "अजून भांडतेय."

कंडक्टरने बेल मारली. बस गेली. आम्ही तिथेच उभ्या राहिलो.