पोळ्याच्या बाराला स्वस्तातलं पिस्तूल

स्वस्तातलं पिस्तूल भरवशाचं असतं का? नसतं. हे मी आमच्या गावात सगळ्यांच्या आधी सांगितलं, छापून सांगितलं, आणि माझं एक अक्षर खोटं ठरलं नाही. तरी गाव आज नाव काढतं ते पिस्तूलवाल्याचं. माझं कुणी काढत नाही. याचा मला राग आहे आणि त्याचा हेवाही आहे. दोन्ही गोष्टी लपवण्यासारख्या नाहीत, म्हणून लिहितो.

आमचं गाव चिखली तालुक्यातलं, उंद्रीपासून सायकलनं फार लांब नाही. गावची निम्मी काळी जमीन एका घरची. त्या घरच्या कर्त्याला सगळे 'मालक' म्हणतात. त्यांच्याकडे दुनळी बंदूक आहे, आणि पोळ्याला त्याच बंदुकीचा बार निघतो. सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची जुळवून म्हटलेली गाणी, होतात, मालक आभाळाकडे नळी करून बार काढतात, त्या आवाजानं बैल उधळतात, तोरण तुटतं आणि पोळा फुटतो. बार नाही तर पोळा नाही, असं गावानं डोक्यात पक्कं करून घेतलेलं. राज्य नवं आलं, पंचायत नवी आली, बार मात्र वाड्याचाच.

त्या वर्षी निंदणाच्या बायांनी रोज वाढवून मागितला. माझी आई त्यांच्यात होती. दिवसभर वाकून तण काढायचं आणि संध्याकाळी जे हातावर पडेल ते मुकाट घ्यायचं, हे आता चालणार नाही असं दोन्ही आळींतल्या बायांनी मिळून ठरवलं आणि रोज वाढेपर्यंत मालकांच्या शेतात जाणं बंद केलं. पत्रक माझं. चिखलीच्या छापखान्यात उभं राहून मी ते छापून घेतलं, खिळे जुळवणाऱ्याशी भांडून 'शोषण' शब्द मोठ्या टाइपात बसवला. सायकलवर गठ्ठा बांधून दारोदार वाटलं, पारावर वाचूनही दाखवलं. ऐकायला माणसं येत होती. फार नाहीत, पण येत होती. माझी होती ती माणसं.

मालकांनी उत्तर दिलं ते एका वाक्यात. दिवाणजीकडून दवंडी दिल्यासारखं सांगून पाठवलं, "बाया पोळ्याच्या आत निंदाले आल्या नाई, तं औंदा बार निंगनार नाई."

झालं. कालपर्यंत जे छोटे शेतकरी बायांच्या बाजूनं माना हलवत होते, तेच आमच्या दारात येऊन आईला म्हणायला लागले, "जा वं माय निंदाले. तुमच्या रोजापायी आमच्या बैलाचा सन काऊन बुडवता?" बैलाचा सण! बाईच्या कमरेचं कुणाला काही नाही. पण पोळा फुटला नाही तर खापर बायांवर फुटणार, आणि बाया फुटणार, हे आईला माझ्याआधी कळलं होतं.

मी दुसरं पत्रक लिहिलं. 'बार ही गुलामगिरी आहे, पोळा बिनबाराचा करा.' पारावर वाचलं. एक म्हातारा शेवटपर्यंत बसला होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "बिनबाराचा पोळा म्हंजे बिननवऱ्याचं लगन, बापा." लोक हसले. मी नाही हसलो.

तेव्हा फौजी उठला. फौजी म्हणजे माझ्याच वर्गातला, फौजेत जाऊन पाय मोडून परत आलेला, थोडी कोरडवाहू असलेला. त्याच्याकडे हत्याराचा परवाना होता, हत्यार नव्हतं. तो उठला आणि एवढंच म्हणाला, "बारच पाह्यजे ना? मी काढतो. पिस्तूल आनतो."

महिनाभर मी घसा फोडत होतो आणि ह्याच्या चार शब्दांवर पार उठून उभा राहिला.

पिस्तूल घ्यायला तो मला संगं घेऊन गेला. कशाला नेलं? "तू शिकलेला हायेस, कागदबिगद पाहशीन." गेलो. खामगावात एक बंदुकांचं दुकान होतं. दुकानदार पांढऱ्या दाढीचा, बोलायला गोड. त्यानं चांगली पिस्तुलं काचेत ठेवलेली. त्यांचा भाव ऐकून आम्ही नुसत्याच माना हलवल्या. मग फौजीनं विचारलं, "चाचा, यातून हलकं काही?"

चाचानं खालच्या खणातून एक काढलं. कुणीतरी वापरून विकलेलं, मुठीचं लाकूड एका बाजूला फुटून तारेनं बांधलेलं. भाव एखाद्या गोऱ्ह्यापेक्षा कमी.

"वाजते?" फौजीनं विचारलं.

"बेटा, पहले ये बोल. जान बचाना है, के आवाज करना है?"

"आवाज. पोळ्याले."

"फिर ले जा. बैल कुछ उलटके गोली नहीं मारता."

मी मध्ये पडलो. विचारलं, नळी किती जुनी, आतली स्प्रिंग बदलली आहे का, काडतुसं किती जुनी, दहा वेळा घोडा ओढला तर दहा वेळा वाजेल का. चाचानं माझ्याकडे पाहिलं आणि फौजीला म्हणाला, "ये वकील है?" फौजी हसून म्हणाला, "नाई, पत्रकवाला हाये." चाचानं मग मला सरळ उत्तर दिलं, ते मी विसरलो नाही. "सस्ता माल है. बजा तो बजा. जान का भरोसा इसपे मत रखना." दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यानं एकदा वाजवून दाखवलं. वाजलं. कावळे उडाले. फौजीचे डोळे लकाकले. मी म्हटलं, अजून एकदा वाजवा. चाचा म्हणाला, काडतुसाचे पैसे कोण देणार? तिथेच माझी शंका संपायला हवी होती की वाढायला? माझी वाढली. फौजीची संपली.

परतीच्या एस्टीत मी त्याला म्हटलं, "हे घेऊ नये, लेका. ऐन वेळेला दगा देईल. बायांचा सगळा लढा या तारेनं बांधलेल्या मुठीवर टांगतो आहेस."

"तुह्याजवळ दुसरं काय हाये बे टांगाले?" तो म्हणाला. "पत्रक?"

हा टोमणा मला अजून टोचतो. कारण तो खरा नव्हता. माझ्याजवळ मुद्दा होता. मुद्द्याला वजन नसतं का?

गावात पिस्तूल पोचलं आणि माझी सभा संपली. अक्षरशः. मी पारावर उभा राहिलो की समोर दोन कुत्री. फौजीच्या ओट्यावर मात्र जत्रा. म्हातारे हातात घेऊन तोलायचे, "वजन तं हाये बावा." बाया लांबून पाहायच्या. ज्यांनी माझं पत्रक चुलीला लावलं त्या त्याच्या पिस्तुलाला गुंडाळायला नवं फडकं शिवून देत होत्या. मी चिखलीहून सायकल मारत यायचो, गुडघे भरून यायचे, पाण्याचा तांब्या कुणी पुढे करायचं नाही. आणि हा खाटेवर बसल्या बसल्या दूध पितो आहे.

सगळ्यात लागलं ते आईचं. एका सकाळी फौजी आमच्याकडे आला. आईनं पिस्तूल पाटावर ठेवायला लावलं आणि त्याला कुंकू लावलं, हळद लावली, वर चार तांदूळ टाकले.

मी म्हटलं, "माय, माझ्या पत्रकाले कधी लावलं का कुंकू?"

"कागदाले कुंकू लावून काय करू? ओलं झालं का फाटते." मग तांदूळ सारखे करत म्हणाली, "तुह्या कागदानं बाया घराबाहेर निंगाल्या, पोरा. पन उभ्या राह्याले आता आवाज पाह्यजे."

मी भाकरी खाल्ली नाही. फौजीनं माझीही खाल्ली.

पोळ्याला आभाळ भरलेलं पण कोरडं. मारुतीच्या देवळासमोर दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण. बैल आले, शिंगांना बेगड, अंगावर झुली, गळ्यात घुंगरमाळा. मालकांचे बैलही आले, सगळ्यांत पुढे, मानाच्या जागी. मालक स्वतः खुर्ची टाकून बसले. त्यांचा दिवाणजी मागे उभा, आणि त्याच्या खांद्याला दुनळी. म्हणजे हिशेब उघड होता. फौजीचं नाही वाजलं तर गाव बार मागायला मालकांकडेच येणार, आणि दुनळी तयार. दुनळीनं पोळा फुटला की उद्या सकाळी बाया जुन्या रोजावर शेतात. आई बायांच्या घोळक्यात उभी होती, पदर दातात धरून.

मी कुठे होतो? खांबाजवळ. आणि माझ्या मनात काय होतं? पिस्तूल वाजावं, असं होतं. आईसाठी होतं. आणि वाजू नये, असंही होतं. दोन्ही एकाच छातीत होतं आणि दोन्ही खरं होतं. हेवा हा असाच असतो, तो आपल्याच बाजूच्या माणसाचा जास्त वाटतो.

झडत्या झाल्या. सगळे शांत झाले. फौजीनं लंगडत पुढे येऊन हात आभाळाकडे केला आणि घोडा ओढला.

टक.

पुन्हा ओढला. टक.

त्यानं काडतूस बदललं. टक. एवढ्या माणसांत आणि बैलांत तो आवाज एवढा स्पष्ट ऐकू आला की एका बैलानं कान हलवला. मालक खुर्चीत मागे टेकले. दिवाणजीनं दुनळी खांद्यावरून उतरवली. मी आईकडे पाहिलं. तिच्या तोंडातून पदर सुटला होता.

मी बरोबर होतो. पूर्ण बरोबर. आणि तरीही, दोन पत्रकं लिहिलेला, 'शोषण' मोठ्या टाइपात बसवणारा मी, खांबाला हात लावून उभा.

फौजीनं पिस्तूल डोक्यावर तसंच धरलं, खाकरला आणि झडती सुरू केली. तयारी नव्हती, मला माहीत आहे. तो कधी झडती म्हणत नसे.

"खामगावचं पिस्तूल, त्याचा बसला गळा,
बार नाई निंगला, तरी फुटीन पोळा!
मालकाच्या दुनळीले घाला बापा कुलूप,
निंदनाऱ्या मायच्या भाकरीवर तूप!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

आधी बाया हसल्या. मग म्हातारे हसले. मग सगळं गाव एका घशानं ओरडलं, "हर हर महादेव!" तो आवाज कुठल्याही बंदुकीतून निघत नाही. दिवाणजी अजून घोडा चढवत होता तोवर बैल उधळले. पहिले उधळले ते मालकांचेच, त्यांना कुठे माहीत होतं आपण कुणाच्या बाजूनं आहोत! तोरण तुटलं, पानं हिसकायला माणसं धावली, पोळा फुटला. बार निघालाच नाही.

"याले म्हंते बार!" तो पारावरचा म्हातारा मला कोपरानं ढोसून म्हणाला. "पाह्यलं का बे, पत्रकवाले?"

पाहिलं. काय पाहिलं ते कुणाला सांगू? पिस्तुलानं दगा दिला, तो मी आधीच सांगितला होता. त्या दग्यातून फौजीनं बायांना बाहेर काढलं ते शब्दांनी. शब्द माझा धंदा! पिस्तूल वाजलं असतं तर मी एवढा जळलो नसतो. लोखंडाशी माझी स्पर्धा नव्हती.

मालकांच्या हाती धमकी उरली नाही आणि ज्वारीत तण गुडघ्याला लागलं. सण सरल्यावर दिवाणजी आमच्या आळीत आला, बायांशी बोलला, आणि रोज वाढला. मागितला तेवढा नाही, पण वाढला. आईनं त्या आठवड्यात पहिल्यांदा तूप आणलं. पहिली धार फौजीच्या भाकरीवर. मी समोर बसलो होतो.

नंतर मी तिसरं पत्रक काढलं. आई म्हणाली, "त्याच्यात ते झडती घाल." मी म्हटलं, पत्रक म्हणजे तमाशा नव्हे. ती म्हणाली, "मंग कोनी वाचनार नाई." घातली. पुढच्या पानावर झडती, मागच्या पानावर माझा लेख: 'स्वस्तातलं पिस्तूल घ्यावं काय? घेऊ नये. कारण ते दुकानाच्या मागे वाजतं आणि गावाच्या पुढे वाजत नाही. ज्याचा दुसरा बार पाहायला मिळत नाही, त्याचा पहिला बार ही फक्त जाहिरात असते.' हे वाक्य चांगलं आहे. मी आजही त्यावर ठाम आहे.

पत्रकं भराभर गेली. पहिल्यांदाच. उंद्रीच्या बाजारात लोक मागून घेत होते. मी सायकलवरून छाती काढून फिरलो, खोटं कशाला सांगू.

मग एक दिवस पारावर एक अनोळखी शेतकरी आला. दुसरबीडकडचा, बोलण्यात जरा वेगळा हेल. त्याच्या बंडीच्या खिशात माझं पत्रक, घडी घालून घालून मऊ झालेलं. माझं काळीज सुपाएवढं झालं. एवढ्या लांबून माणूस माझं लिहिलेलं खिशात घालून आला होता.

"हे कोणी छापलं, भाऊ?"

"मी."

"लई झाक. ते न वाजलेलं पिस्तूल कुणाकडं आहे? पाह्याचं होतं. माझाबी परवाना झालाय, म्हटलं असं एखादं घ्यावं का."

"ते मागच्या पानावर लिहिलं आहे," मी म्हटलं.

त्यानं पत्रक उलटं केलं. मागचं पान होतं हे त्याला नवीनच दिसलं. ओठ हलवत, बोट फिरवत तो सावकाश सगळं वाचत गेला. मी त्याच्या बोटाकडे पाहत उभा राहिलो. शेवटच्या ओळीला पोचल्यावर त्यानं मान हलवली, कागद होता तसाच घडी करून खिशात घातला.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "नाही घ्यावं. पण आलोच आहे इतक्या लांबून, तर पाहून तर जातो. घर कोणतं?"

मी बोटानं दाखवलं.