कपबशी आणि स्टीलचे पेले

आमच्या संघातून बाहेर पडलेली एखादी बहीण पुन्हा आमच्या दारात आली, तर तिला पाहुणी समजावे की घरची? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हे लिहायला घेतले आहे. मी गणित शिकवते. वर्गात मी नेहमी सांगते की आधी काय दिले आहे ते लिहा, मग काय काढायचे आहे ते लिहा, आणि उत्तराची घाई करू नका. तोच क्रम इथे पाळते.

आम्ही कॅथलिक धर्मभगिनी. लोक आम्हाला सिस्टर म्हणतात. आमच्या संघाचे काम शिकवण्याचे. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत आमच्या शाळा आणि मुलींची वसतिगृहे आहेत. आम्ही लग्न करत नाही, पगार स्वतःजवळ ठेवत नाही, आणि संघ सांगेल त्या घरी राहायला जातो. मी मूळची नगर जिल्ह्यातली. सध्या चंद्रपूरच्या घरात राहते.

या घरात चहा दोन प्रकारे दिला जातो. पाहुणे आले की त्यांना दर्शनी खोलीत बसवतात आणि ट्रेमध्ये, निळ्या फुलांच्या कपबशीतून चहा येतो. सोबत बिस्किटे असतात. आम्ही स्वतः मात्र स्वयंपाकघरालगतच्या लांब टेबलाशी बसून स्टीलच्या पेल्यातून चहा पितो, आणि पिऊन झाल्यावर जिने तिने आपला पेला विसळून पालथा घालायचा असतो. हा नियम कोठे लिहिलेला नाही. अहेरीच्या पुढे जंगलात आमची जुनी शाळा होती, तिथून तो आला. तिथे हापसा दूर होता आणि दुसरीच्या उष्ट्या भांड्यासाठी पाणी खर्च करणे बरे दिसत नसे.

त्या जुन्या शाळेत मी आणि माझ्याहून थोडी लहान असलेली दुसरी एक सिस्टर एकाच वेळी रुजू झालो. ती आरमोरीकडची. गोंडी तिला येत होती, त्यामुळे पहिलीच्या वर्गातली रडणारी मुले तिच्याकडे सोपवली जात. धान्य पाखडायचे सूपही तिच्यासारखे आमच्यात कोणाला धरता येत नसे. आम्हा दोघींना शिकवायला शिकवले ते एका थोरल्या सिस्टरने. त्या केरळच्या. मराठी त्या तिथल्या मुलांकडून शिकल्या, म्हणून आजही त्यांच्या तोंडी ‘का’ऐवजी ‘काऊन’ आणि ‘मला’ऐवजी ‘मले’ असते. शाळा तपासायला आलेल्या साहेबांना त्या तिथल्या अस्खलित झाडीबोलीत उत्तरे देत, तेव्हा साहेब आधी गोंधळत आणि मग हसत.

फळा वरून खाली पुसावा, आडवा पुसू नये, म्हणजे खडूची धूळ मुलांच्या डोळ्यांत जात नाही. हे त्यांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवले. बाकीचेही असेच शिकवले, करून दाखवून.

पुढे माझ्या सोबतिणीने नीट विचार करून संघाकडे व्रतांतून मुक्तता मागितली आणि ती तिला मिळाली. कारण विचारू नये असा आमच्याकडे संकेत आहे. मी विचारले नाही. तिने लग्न केले, भद्रावतीला घर केले. नवरा कोळशाच्या खाणीत वीजतंत्री. समोरच्या खोलीत ती लहान मुलांचे वर्ग घेते. सणासुदीला आमचे फोन होत. भेटी मात्र हळूहळू थांबल्या होत्या.

थोरल्या सिस्टर आता आमच्याच घरी आहेत, असे मी गेल्या वर्षापर्यंत म्हणत असे. त्यांची दृष्टी गेली होती. वार्षिक परीक्षा संपल्या की त्यांना केरळमध्ये, संघाच्या वृद्ध भगिनींच्या घरी न्यायचे ठरले होते. तिकडून त्या परत येणार नाहीत हे सगळ्यांना कळत होते, त्यांना सर्वांत आधी. त्यांनी एकच गोष्ट मागितली.

‘जाच्या आंधी ती एकदा भेटली पायजे,’ त्या म्हणाल्या.

मी भद्रावतीला फोन केला. ती लगेच हो म्हणाली आणि त्याच आठवड्यात आली. नेमकी तेव्हा मी शाळेत होते. घराच्या प्रमुख भगिनी नव्याने बदलून आलेल्या, वयाने लहान आणि मनाने फार चांगल्या. त्यांनी तिचे आदराने स्वागत केले, दर्शनी खोलीत बसवले, चहा दिला, तिच्या वर्गांची विचारपूस केली. थोरल्या सिस्टर झोपल्या असतील असे त्यांना वाटले. पाहुणी सारखी घड्याळाकडे पाहते आहे असेही वाटले. अर्ध्या तासाने ती उठली आणि बसस्थानकाकडे गेली.

संध्याकाळी हे थोरल्या सिस्टरच्या कानावर गेले.

‘येऊन गेली?’ त्यांनी विचारले. ‘इथी? घरात?’

 त्या रात्री त्यांच्या ताटात भात तसाच राहिला.

मी पुन्हा फोन केला. ‘येईन ना सिस्टर, पाहू,’ ती म्हणाली. पुढच्या आठवड्यातही तेच. आमच्या भागात ‘पाहू’ याचा अर्थ ‘नाही’ असा असतो, हे इतकी वर्षे राहून मला कळते. परीक्षा जवळ येत होत्या. एका रविवारी प्रार्थना आटोपून मी भद्रावतीची एसटी पकडली. ती का येत नाही हे कळल्याशिवाय परतायचे नाही, एवढे ठरवले होते. रस्त्याच्या कडेचे पळस फुलले होते आणि कोळशाच्या ट्रकांमागे त्या फुलांवर काळी पूड बसत होती.

दार तिच्या सासूने उघडले. अंगणात लसूण सोलत बसलेली शेतकरी घरातली बाई. माझा पांढरा वेष पाहताच तिने आत हाक मारली, ‘आली वं तुह्या माहेरची!’

खोलीत भिंतीला फळा होता. मी सवयीने पाहिले. तो वरून खाली पुसलेला होता.

ती हसत आली, बसा म्हणाली, आणि चहा करायला गेली. परतली तेव्हा तिच्या हातात ट्रे होता. माझ्यासाठी सोनेरी काठाची कपबशी, बशीत दोन बिस्किटे. स्वतःसाठी स्टीलचा पेला.

‘मला कप कशाला?’ मी म्हणाले.

‘पाहुण्याचा मान ठेवा लागते, सिस्टर. तुमच्या घरी माझा बी ठेवला होता ना.’

‘तू पाहुणी कशी?’

‘ते मले काऊन इचारता? ट्रे माझा नोयता.’

अंगणातून सासूचा आवाज आला, ‘कोण्या माहेरी लेकीले ट्रेत चहा देते वं? लेक आली का सिध्धी चुलीपाशी जाते.’

‘बिस्किटं बी होती, आई,’ ती मोठ्याने म्हणाली. ‘क्रीमवाली!’

‘मंग तं जावयाचा मान झाला तुहा!’

आम्ही तिघीही हसलो. मग ती पेला दोन्ही हातांत धरून म्हणाली, ‘मी बसून राह्यली, सिस्टर. घड्याळ पाहून राह्यली. वाटलं, आता म्हणतीन आत चाल. पडद्याच्या तिकडेच थोरल्या सिस्टरची खोली. पण कोणी म्हटलं नाई. अन् पाहुण्यानं आत घुसावं काय? आपल्यालेच त्यायनं शिकवलं होतं ना, बोलावल्याबिगर कोणाच्या घरात आत जाऊ नये.’

 चहा संपवून मी कप विसळायला मोरीकडे निघाले, तर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. ‘राहू द्या. पाहुण्या ना तुम्ही.’

परत आल्यावर मी थोरल्या सिस्टरच्या खोलीत गेले. प्रमुख भगिनी त्यांचे पाय चेपत होत्या.

‘ती आली त्या दिवशी तुम्ही झोपला होतात का?’ मी विचारले.

‘जागीच होती ना वं. पण बोलणं समजे नाई, कपबशीच वाजत होती. मले वाटलं, फादर आले असन, नाई तं शिक्षण खात्याचे साहेब. मंग म्या आवाज नाई देल्ला.’

प्रमुख भगिनींचा हात थांबला. मी त्यांना दोष देणार नाही आणि वाचकांनीही देऊ नये. पाहुण्याशी जसे वागायला आम्ही शिकवतो, तसेच त्या वागल्या होत्या. मात्र त्या एका कपबशीने दोन कामे केली होती. बाहेर बसलेलीला ती परकी असल्याचे सांगितले, आणि आत पडलेलीला परके कोणी आले असल्याचे सांगितले. मध्ये फक्त एक पडदा होता.

प्रमुख भगिनी तळमळीने म्हणाल्या, ‘आपण त्यांना रविवारी जेवायला बोलावू या. चांगला बेत करू. त्यांचे यजमान, सासूबाई, सगळ्यांना.’

‘नको,’ मी म्हणाले. जरा कडकच म्हणाले असेन. मोठ्या ताटाने छोट्या कपाची चूक सुधारत नाही. तीच चूक वाढते. घरच्या माणसाला जेवणाचे आमंत्रण देत नाहीत, काम सांगतात.

काम समोरच होते. दर वर्षी या दिवसांत आमच्याकडे सिंदेवाहीकडून नवा तांदूळ येतो. एका शनिवारी शाळा सुटल्यावर सगळ्या जणी मागच्या ओसरीवर बसून तो पाखडतो, खडे वेचतो आणि कडुनिंबाचा पाला घालून कोठ्यांत भरतो. या कामाला आम्ही आजवर कधी पाहुण्याला बोलावलेले नाही.

मी फोन केला. ‘शनिवारी तांदूळ निवडायचा आहे. पोती आली आहेत आणि इथे सूप धरणारे कोणी नाही.’

‘काऊन, चंद्रपुरात बाया नाई भेटत काय?’

‘भेटतात. पण तू ये.’

‘मजुरी काय देता?’

‘दोन वेळा चहा. पेला ज्याचा त्याने विसळायचा.’

 मग तिने विचारले, ‘जेवून येऊ का तिथीच जेवू?’

‘इथेच.’

शनिवारी ती मागच्या दाराने आली. चपला काढल्या, पदर खोचला, कोणाला नमस्कार न करता सूप उचलले आणि बसली. थोरल्या सिस्टरला आम्ही खुर्चीत ओसरीवर आणले होते. मी त्यांना काही सांगितले नव्हते. ती येईल की नाही याची मलाच खात्री नव्हती. त्यांच्यापुढे परातीत मूठभर तांदूळ होता आणि त्या बोटांनी चाचपून खडे काढत होत्या.

सूप वाजू लागले. तीन झटके, मग एक लांब, आणि कोंडा अंगणात. थोरल्या सिस्टरची बोटे थांबली.

‘कोण पाखडून राह्यली?’

 सूपही थांबले.

‘तूच काय वं?’

‘हो. मीच.’

‘मागच्या बारीले आत काऊन नाई आली?’

‘कोणी बोलावलं नाई.’

‘तुले बोलवा लागते काय?’ थोरल्या सिस्टर रागावूनच म्हणाल्या. मग हात पुढे करून त्यांनी तिचे डोके शोधले. ‘केस पांढरे झाले का?’

‘झाले. सासू म्हणते, लेकरं शिकवून शिकवून झाले.’

‘खडूचे असन ते. फळा आडवा पुसत असशीन.’

‘नाई वो! वरतून खालीच पुसतो. इचारा या सिस्टरले, यायनं पायला.’

‘पाहिला,’ मी साक्ष दिली.

चहा आला तेव्हा प्रमुख भगिनींनी एका ताटात सगळे पेले एकसारखे मांडून आणले. तिने त्यातला एक उचलला, चहा प्यायली आणि मोरीकडे गेली. प्रमुख भगिनी पटकन उठल्या. मन चांगले असले तरी सवय लवकर जात नाही.

‘राहू द्या ना, मी विसळते,’ त्या म्हणाल्या.

‘विसळू दे तिले,’ खुर्चीतून आवाज आला.

पाण्याचा आवाज झाला. पेला पालथा पडल्याचाही झाला, आणि थोरल्या सिस्टर पुन्हा परातीतले खडे शोधू लागल्या.

परीक्षा संपल्या आणि त्या केरळला गेल्या. आता भद्रावतीहून त्यांना फोन जातो आणि झाडीबोलीत भांडण चालते, असे तिकडच्या भगिनी सांगतात.

यंदा तांदळाच्या शनिवारी आम्ही संघ सोडून गेलेल्या आणखी काही जणींना कळवले. काही आल्या. जिवतीच्या डोंगरात राहणाऱ्या एकीने मात्र स्पष्ट सांगितले की तिला यायचे नाही. तिचे आता वेगळे घर आहे आणि ती तिथे सुखी आहे. तिचा निर्णय आम्ही तसाच मान्य केला. म्हणजे माझे उत्तर सर्वांना लागू पडत नाही. जिला यायचे आहे तिच्यापुरतेच ते खरे आहे: ती घरची आहे, आणि ते तिला शब्दांनी सांगण्यापेक्षा कामाने सांगावे.

गणितात उत्तर आले की पडताळा करतात. माझा पडताळा एकाच घरातला आहे, तेवढा पुरेसा नाही. म्हणून वाचकांना विनंती आहे. तुमच्या शाळेतून, संस्थेतून किंवा कुटुंबातून दूर गेलेले कोणी पुन्हा दारात आले, तर तुमचा हात कोणत्या भांड्याकडे जातो ते पाहा, आणि ते भांडे त्यांना स्वतः विसळू देऊन पाहा. माझे उत्तर चुकले असेल तर तिथेच कळेल. कृपया स्वतः करून तपासा.