दामूमिस्त्री आणि रुसलेली मोटार

दामूमिस्त्री गिरणीत आले की हत्यारांची पेटी उघडायच्या आधी पाट मागायचे. मोटारीसमोर मांडी घालून बसायचे आणि माहेरी आलेल्या लेकीला विचारावं तसं विचारायचे, "काय गं बाय, काय दुखतंय?" मग आमच्यावर डाफरायचे, "गप बसा रं समदे! तिला बोलू द्या." लोधिवलीहून सायकल हाणत येणारा हा काटकुळा म्हातारा, पण खालापूरपासून कर्जतपर्यंत भाताच्या गिरणीत विजेची मोटार बसवायची ती त्यांनीच. "माझ्या हातची मोटार कधी तक्रार करत नाय," असं मिशीला पीळ देऊन सांगायचे, आणि ते खरंही होतं.

लढाईच्या दिवसांत मी शिळफाट्यावरच्या एका गिरणीत मोटार चालवायला लागलो. ती दामूमिस्त्रींनीच बसवलेली, आदल्या माणसाच्या हाताखाली सुरळीत चालायची. मी आलो आणि बया रुसली! खटका ओढला की नुसती घुरघुरायची, दिवे मिणमिणायचे आणि फ्यूज उडायचा. शेठ भडकले. "शनिवारपर्यंत ही धड सुरू झाली नाही तर मी तेलाचं इंजिन आणतो. त्याच्याबरोबर त्याचा माणूस येतो. तू आपला घरी जा!" घरी जाऊन काय करू, कपाळ? माझं लग्न ठरलं होतं, आणि सासऱ्यांनी पोरगी दिली होती ती या नोकरीकडे बघून.

शुक्रवारी मिस्त्री आले. बेअरिंग चाचपलं, फ्यूज पाहिले, तारा ओढून बघितल्या, पट्टा हलवून पाहिला. "चालती मोटार कुणीबी वळखंल. उठताना बघावी. मानसाचं पन तसंच," असं पुटपुटत त्यांनी मला चहा आणायला पिटाळलं. परत येतो तो काय, मोटार झकास फिरतेय! मी आनंदानं उडीच मारली. मिस्त्रींनी ती बंद केली नि म्हणाले, "आता तू कर."

मी रोजच्यासारखा नमस्कार केला, गिरणीच्या तोंडात पाटीभर भात ओतला आणि खटका ओढला. घुर्रर्र! फ्यूज उडाला. शेठनी कपाळावर हात मारला. "पांढऱ्या पायाचा आहेस रे तू!" म्हणत ते इंजिनवाल्याला निरोप धाडायला बाहेर गेले. हमालसुद्धा माझ्यापासून दोन पावलं लांब सरकले, मेले.

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. हळूच विचारलं, "भात आधी का रं वतलास?"

"रिकामं जातं फिरवू नये ना! आई म्हणते, घरात अवदसा येते."

मिस्त्री इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अरं येड्या, ते जातं, ही मोटार! डोक्यावर पोतं दिऊन तुला कुनी उठ म्हनलं तर उठशील का? आधी तिला पळू दे, मंग भात घाल. आन् आईचं मन मोडवत नसंल तर चार दाने टाक, चिमूटभर. त्यानं तिचं काय बिघडत नाय."

मी त्यांचे पायच धरले. "शेठना सांगू नका. एवढंही कळत नाही म्हणून आजच हाकलतील. लग्न मोडेल माझं."

तेवढ्यात शेठ आत आले. "काय निघालं मिस्त्री?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मिशीकडे गेलेला हात खाली घेतला. "चूक माझीच, शेठ. बसवताना पट्टा वाकडा लावला व्हता, सरकत सरकत आत्ता अडकाया लागला. आता नीट केलाय."

नोकरी राहिली. पण शेठच्या तोंडाला कुलूप कुठलं! दामूमिस्त्री चुकले, ही बातमी त्यांनी बाजारभर केली. पुढच्या दोन गिरण्यांनी मोटार बसवायला दुसराच मिस्त्री बोलावला. ते ऐकून मला जेवण गोड लागेना. खरं सांगायची हिंमतही होईना.

लग्नानंतर बायकोला घेऊन लोधिवलीला त्यांच्या पाया पडायला गेलो. म्हटलं, "मिस्त्री, माझ्यापायी तुमचं नाव गेलं."

"जाऊ दे रं. माझं नाव लई वर्सांचं हाय, थोडं झिजलं तरी उरंल. तुझं तर अजून व्हायचं हाय."

मला हुंदकाच आवरेना. नवी नवरी बावरून माझ्याकडे बघतच राहिली. मिस्त्री तिला म्हणाले, "घाबरू नको पोरी. जरा येडा हाय, पन मानूस चांगला हाय. माझी ग्यारंटी."