पळसाच्या फुलांचं पाणी

देऊळघाटला आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तीन पळस होते. फाल्गुनात माय खाली पडलेली फुलं लुगड्याच्या ओच्यात वेचून आणायची, रात्रभर घंगाळात भिजत घालायची आणि सकाळी त्या केशरी पाण्यानं आम्हा चार भावंडांना आंघोळ घालायची. त्यानं अंगाला ऊन बाधत नाही, अशी तिची खात्री. स्वतः मात्र कधी घेतलं नाही. "लेकराईचं झालं का?" एवढं विचारायची आणि उरलेलं पाणी उद्यासाठी झाकून ठेवायची. दिवसभर उन्हात भाजी खुडणारी तीच होती, हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

गेल्या वर्षी किडनीच्या दुखण्यामुळे मी तिला बुलढाण्याला माझ्याकडे आणलं. कातडी कोरडी पडली होती, सारखी खाज सुटायची. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे शहाणपण जरा जास्तच. महागडं सीरम मागवलं. बाटलीवर पळसफुलांचा अर्क, अँटिऑक्सिडंट वगैरे लिहिलेलं. पिकतं तिथं विकत नाही, तसलाच प्रकार. उन्हानं कातडीचं काय नुकसान होतं आणि हा अर्क ते कसं थोपवतो, हे मी तिला वर्गात सांगावं तसं सांगितलं. पहिल्या दिवशी मीच तिच्या दंडांना चोळलं. पुढं ती स्वतःच लावायची, आणि बरं वाटतं का विचारलं की हाव म्हणायची.

पाचव्या दिवशी तिचं पोलकं बदलताना दोन्ही दंड सोललेले दिसले. मी तिच्यावरच चिडले. बोलली का नाहीस, म्हणून ओरडले.

"तू एवढ्या हौसेनं आणलं," ती म्हणाली, "मंग काऊन सांगू?"

मला माझीच लाज वाटली. डॉक्टरांनी बाटली बंद करायला सांगून साधं मलम दिलं.

कातडी भरून येईपर्यंत फाल्गुन सरत आला. डॉक्टरांना विचारून मी मोताळ्याच्या रस्त्यावरून पिशवीभर फुलं वेचून आणली आणि भिजत घातली. सकाळी मायला न्हाणीत पाटावर बसवलं. तिनं बादलीत पाहिलं आणि माझा हात धरला.

"लेकराईचं झालं का?"

घरात लेकरू नव्हतं. माझी मुलगी पुण्याला शिकते, आणि मी पन्नाशीला आलेय.

"हो माय, साऱ्यांचं झालं," मी म्हणाले.

तेव्हा कुठं तिनं हात सोडला.