मागचं चाक लहानच आहे

हो, मागचं चाक लहान आहे. मला दिसतं. सायकल माझी आहे, मीच पुसते, मीच हवा भरते, तेव्हा ही गोष्ट माझ्या आधी अख्ख्या रायपूरला कळली असेल असं मला वाटत नाही. पण सांगितल्याशिवाय कोणाला राहवतच नाही. सिग्नलला शेजारी थांबलेला स्कूटरवाला सांगतो, भाजीवाली सांगते, ऑफिसच्या बसमधले सगळे आळीपाळीनं सांगून झाले. दीदी, पीछे का चक्का छोटा लग गया है. 'लग गया है' म्हणे. जसं काही मी झोपेत लावून घेतलं.

सायकल खडकाळ रस्त्यावर, चढ-उतारावर चालवायची आहे. पुढं शॉकअप, मागं नुसती सरळ फ्रेम, काही उशी-बिशी नाही. अशीला हार्डटेल म्हणतात. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून मी ती घेतली तेव्हा फ्रेम लहान होती, पण चाकं दोन्ही एकोणतीस इंची होती. मागचं काढून मी साडेसत्तावीसचं लावलं. काहून लावलं ते सांगते. सांगायला मला लाज वाटत नाही, ऐकणाऱ्याला वाटली तर त्याचं त्यानं बघावं.

माझी उंची चार फूट अकरा इंच. नवरा सहा फुटाला थोडा कमी. आमच्या लग्नाच्या फोटोत मी त्याच्या हनुवटीला लागते, प्रत्यक्षात त्याच्या खांद्याला लागते. मधल्या फरकाचं श्रेय एका पाटाला आहे. फोटोग्राफर तयार, आम्ही तयार, आणि माझ्या मोठ्या नणंदेनं लांबून बघून सांगितलं, "विजोड दिसून राहिले दोघं. पाट द्या वं तिच्या पायाखाली." लगेच जेवणाच्या पंगतीतला पाट आला, मला त्यावर चढवलं, आणि शालूच्या निऱ्या सोडून तो झाकला. त्या पाटावर उभी राहून मी हसले. तो फोटो आमच्या चौबे कॉलनीतल्या घरात हॉलमध्ये आहे. आल्यागेल्याला वाटतं, काय शोभून दिसतात.

माहेर माझं पुरानी बस्तीत. आम्ही मराठा राज्याच्या काळापासून रायपूरचे, सासरचे वऱ्हाडातले. लहानपणी भावाची सायकल मी दांड्याखालून पाय घालून, कैंची मारत चालवायची. तळ्याच्या पाळीवरून खाली सोडायची. लग्नानंतर सायकल सुटली ती सुटलीच. कोणी मनाई केली नव्हती. फक्त कोणी विचारलं नाही, आणि मीही नाही.

मग राज्य नवं झालं, राजधानी नवी बांधायला घेतली, आणि काही वर्षांनी आमचं ऑफिस शहरातून उचलून तिकडे माळावर नेलं. रोज सकाळी ऑफिसची बस आम्हाला घेऊन जायची. एवढाले रुंद रस्ते, मधोमध फुलझाडं, दिव्यांचे खांब, आणि माणूस औषधाला नाही. इमारतींच्या मागं मात्र पाया खणून काढलेल्या लाल मुरमाचे ढीग होते. एक तर तीन मजली घराएवढा. एका अंगानं गुरांनी पायवाट पाडलेली, दुसऱ्या अंगानं सरळ उतार. बस त्याच्यासमोरून वळायची. सगळे डुलक्या घेत असायचे आणि मी मान मोडून त्या उताराकडे बघत बसायची.

शेहेचाळीसाव्या वर्षी मी सायकल घेतली. घरात नवऱ्यानं कपाळाला हात लावला. त्याला वाटलं, असेल चार दिवसांचं.

दर रविवारी पहाटे निघायचं, नव्या राजधानीपर्यंत जायचं, छोट्या ढिगांवर सराव करायचा. तीव्र उतारावर सीटवर बसून राहता येत नाही. बूड मागं न्यावं लागतं, पार सीटच्याही मागं, नाहीतर सायकल पुढच्या चाकावरून माणसाला तोंडावर आपटते. उंच माणसाला मागं जायला जागा असते. माझे पाय आखूड. मी मागं सरकले की खाली थेट फिरतं चाक. टायर बुडाला घासायचं, पँट फाटायची, मी दचकून पुढं यायची आणि पडायची. मोठ्या ढिगावरून पहिल्यांदा उतरायला गेले तेव्हा कोपर, गुडघा आणि जे सांगता येत नाही ते, सगळं सोलवटून निघालं. सोमवारी ऑफिसात खुर्चीवर तिरकी बसले. बाजूच्या बाईनं विचारलं, "क्या हुआ?" मी म्हटलं, "चाक लागलं." तिला काही समजलं नाही, आणि मी समजावलं नाही.

रागारागात मोबाईलवर शोधलं. तेव्हा कळलं की चांगले पट्टीचे चालवणारे मुद्दाम पुढं मोठं आणि मागं लहान चाक लावतात. पुढचं मोठं असल्यानं दगड-खड्ड्यांवरून सहज जातं, मागचं लहान असल्यानं सायकल चटकन वळते. आणि बुटक्या माणसाला मागं सरकायला जागा मिळते. मी ते वाक्य परत वाचलं. इतकी वर्षं मला सगळ्यांनी उंच व्हायला सांगितलं होतं. चाक लहान करा असं पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं.

गुढियारीतल्या सायकल दुकानदारानं आधी साफ नाही म्हटलं. "दीदी, कंपनी पागल है क्या, जो दोनों बराबर देती है?"

"कंपनी माझ्या उंचीची नाही," मी म्हटलं.

शेवटी त्यानं लावून दिलं. वर दम भरला की आता पॅडल खाली येईल, दगडावर आपटेल, मग माझ्याकडे रडत यायचं नाही. पॅडल खाली आलं, आपटलंही. रडत मात्र गेले नाही. उतरताना दोन्ही पॅडल एका पातळीत धरायची सवय लावून घेतली. छोटे ढीग एकामागून एक सुटत गेले. मागं सरकले की आता खाली मोकळी हवा. मोठ्या ढिगाच्या माथ्यावर मी दोनदा जाऊन उभी राहिले आणि दोनदा गुरांच्या वाटेनं गुपचूप परत उतरले. घाबरत होते, खोटं कशाला बोलू. पण एक दिवस उतरणारच होते, घाईची गरज नव्हती.

एका शुक्रवारी बस वळली आणि ढिगाखाली पिवळं जेसीबी उभं दिसलं. जेवणाच्या सुट्टीत चालत गेले. तिथला चौकीदार ओळखीचा झाला होता. त्याला विचारलं, ढीग हलवणार का.

"हव मैडम, सोमवार ले उठाहीं," तो म्हणाला. म्हणजे सोमवारपासून उचलणार, कुठल्याशा रस्त्यात भराव घालायला.

म्हणजे रविवार एकच उरला. दुपारभर मी फायलीवर सह्या घेत फिरले, पण डोक्यात तो उतार. आता परवा उतरायचं. नंतर उतारच नसणार.

घरी आले तर मोठी नणंद अकोल्याहून आलेली. चहा झाला, आणि नवरा म्हणाला, "गॅलरीत चाल, तुले काही दाखवतो." चेहऱ्यावर असं हसू की मला वाटलं कुंडी-बिंडी आणली असेल.

सायकल होती. धुऊन लख्ख केलेली, हँडलला झेंडूचा हार. आणि मागं एकोणतीस इंची चाक.

"दुकानात नेली होती," नवरा म्हणाला. "जुनं चाक माळ्यावर होतंच. बराबर करून आणली. आता कशी जोडी दिसते."

नणंद दारातून म्हणाली, "मीच म्हटलं त्याले. सकाळी आली तं पाह्यलं, हे असं विजोड काहून ठेवलं वं? बरं नाही दिसत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले नाही. ओरडले असते तर सोपं झालं असतं, चिडकी आहे म्हणून दोघं मोकळी झाली असती.

"लहान चाक कुठंय?" मी विचारलं.

"माळ्यावर. पोत्यात बांधून ठेवलं."

"काढा."

"अवो, पण..."

"काढा ते खाली. तुम्ही बदललं, तुम्हीच बसवा."

नवऱ्याचा आवाज चढला. "मले लोक विचारून राहिले ना. रोज. फिरायला गेलो की विचारतात, ऑफिसात विचारतात. वहिनीच्या सायकलचं चाक लहान काहून आहे? मी काय सांगू त्यांले?"

"सांगा, लहानच आहे."

"असं सांगत असतात का?"

"मग काय सांगता? तुमच्या बायकोला वेड लागलं? ते चाक माझ्या मापाचं आहे. या घरात माझ्या मापाची तेवढी एकच वस्तू होती. तुम्ही परत माझ्या पायाखाली पाट सरकवला."

नणंदेला पाट आठवला असावा, कारण तिनं हॉलमधल्या फोटोकडे एकदा बघितलं आणि पदराशी चाळा करत उभी राहिली. म्हणाली, "मी तं चांगल्यासाठीच म्हटलं होतं." तेव्हाही आणि आताही, हे मला ठाऊक आहे. त्यानं माझा राग कमी झाला नाही. माझं चांगलं करणाऱ्यांना मी या वयात पुरती कंटाळले आहे.

मागचं चाक बदलायला मला फार वेळ लागत नाही. पण मी हात लावला नाही. खुर्ची घेऊन बसले. नवऱ्यानं शर्ट काढला, बनियनवर फरशीवर बसला. मी सांगत गेले. आधी चेन सगळ्यात लहान चक्रावर घ्या. आता चाकाचा एक्सल सैल करा. मागचा गिअर हातानं मागं ओढून धरा, मग चाक खाली सुटेल. ब्रेकची तबकडी दोन पट्ट्यांच्या मधोमध बसली पाहिजे, घासता कामा नये. त्याची बोटं काळी झाली, चष्मा घसरला, घसरलेला चष्मा वर करताना नाक काळं झालं. नणंद हसली. मीही हसले असते, पण त्या दिवशी नाही हसायचं असं ठरवलं होतं. चाक बसलं तसं त्यानं ते हातानं फिरवून बघितलं. ब्रेक घासत नव्हता.

"हार?" त्यानं विचारलं.

"राहू द्या," मी म्हटलं. "चाकात नाही येत तो."

रविवारी उजाडता उजाडता मी निघाले, तर हा स्कूटर काढून मागं. पूर्ण रस्ताभर पन्नास पावलं मागं त्याच्या स्कूटरचा आवाज. ढिगाशी पोचले तेव्हा डिकीतून त्यानं कापूस आणि जखमेवरचं औषध काढलं आणि हातात धरून उताराच्या पायथ्याशी उभा राहिला. पडणारच, अशी खात्रीच होती त्याला. जेसीबीशेजारी चौकीदार दात घासत होता.

गुरांच्या वाटेनं सायकल ढकलत वर गेले. वरून नवरा चक्क बुटका दिसला. हे मला फार आवडलं. आधी दोनदा इथूनच परत फिरले होते. पण उद्या हा उतार कुठल्या तरी रस्त्याखाली दाबून बसवणार होते, आणि मग मी जन्मभर म्हणत राहिले असते की उतरले असते. असते-बिसते मला नको होतं.

दोन्ही पॅडल एका पातळीत घेतली. ब्रेकवर एकेकच बोट ठेवलं. पुढचं चाक कडेवरून खाली गेलं आणि मी मागं सरकले, सीटच्या मागं, अजून मागं. हात ताणले गेले. खाली ते लहान चाक फिरत होतं आणि मला लागत नव्हतं. पुढच्या मोठ्या चाकाखाली मुरूम करकरत होता. मध्ये एका दगडावर पॅडल खट्टकन लागलं, सायकल डावीकडे झुकली, मी गुडघ्यानं सावरली. मग उतार संपला, आणि मी ब्रेक न लावता सपाट मैदानात पार दूरपर्यंत तशीच गेले. थांबता येत होतं, पण थांबायचं नव्हतं.

वळून परत आले तेव्हा चौकीदार नवऱ्याजवळ येऊन उभा होता. तोंडातलं दातून काढून तो सायकलीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं काय येणार ते.

"साहब," तो म्हणाला, "मैडम के गाड़ी के पाछू के चक्का ह छोटे हे का?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. नाकावर परवाचं काळं अजून थोडं राहिलं होतं. त्यानं कापूस खिशात टाकला, औषधाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"छोटाच है," तो म्हणाला. "छोटाच रहेगा."

मी सायकल वळवली आणि परत गुरांच्या वाटेला लागले. सोमवार यायला अजून अख्खा रविवार होता.