एकवीरेच्या दारातला मामा

माझ्या मुलाचं जाऊळ धुळ्याला एकवीरा देवीच्या दारात निघालं. ते कोणाच्या मांडीवर निघालं, हे मी कोणी न विचारताही सांगते. विचारलं तर दोनदा सांगते.

एकवीरा आमच्या सासरची कुळदेवी. मुलाचे पहिले केस तिच्यापुढे उतरवल्याशिवाय त्याच्या डोक्याला कात्री लावायची नाही, ही रीत. केस उतरवताना मूल मामाच्या मांडीवर हवं आणि केस आत्याने पदरात झेलायचे, ही दुसरी रीत. आत्या आमच्या घरात चिक्कार होत्या, मान कोणाचा म्हणून एकमेकींना ढकलत होत्या. मामाच्या नावाने मात्र शंख.

आम्ही दोघी बहिणीच. माहेर चोपड्याकडचं, घरची केळी आणि कपाशी. थोरलीला मी अक्का म्हणायची. ती सासरी नांदली नाही. नवरा हात उचलायचा. एक दिवस हिनेही उचलला आणि सरळ चालत माहेरी आली. पंचांनी काडीमोड करून दिली. पुढे वडिलांना, म्हणजे आमच्या नानांना, लकवा झाला आणि ते खाटेला खिळले. तेव्हापासून रान अक्काच बघायची. पाण्याची पाळी आली की काष्टा मारून बांधावर उभी! गडीमाणसं तिला टरकून असत. नानांच्या हाताखाली आली नव्हती अशी केळी तिच्या हाताखाली आली. नानांना ते दिसत होतं, पण बोलून दाखवतील तर शपथ.

घरात मुलगा नाही म्हटल्यावर भाऊबंदांच्या तोंडाला पाणी सुटणारच. आमचा एक चुलतभाऊ होता. उठसूट नानांच्या खाटेशी येऊन बसायचा, पाय चेपायचा आणि म्हणायचा, "नाना, मी शे ना तुमना पोऱ्या." अक्का रानातून आली की उठून जायचा. माझ्या मुलाच्या जाऊळाची गोष्ट निघाली, तसा हा नानांना म्हणाला, मांडी मी देतो. नाना थकले होते. "दे बाबा," म्हणाले. आता यात काय होतं ते सांगते. चारचौघांत, देवीच्या समोर, जो मामा म्हणून बसला तो त्या घरचा मुलगा ठरला. उद्या नानांचं रान त्याच्या नावावर झालं तरी कोणी ब्र काढला नसता. आणि अक्का? अक्काने त्याच्या घरची भाकर खाऊन त्याच्याच रानात मजुरीला जायचं! मला हे कळलं तेव्हा माझा असा काही जळफळाट झाला की मी दिवसभर धड जेवले नाही.

चैत्राची यात्रा होती. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. पांझरेला पाणी कमी होतं, वाळूत बैलगाड्या सुटलेल्या, तीन दगडांच्या चुली पेटलेल्या. एकवीरेचं देऊळ किती जुनं ते कोणालाच सांगता येत नाही. आमच्या सासूबाई म्हणायच्या, माझ्या आजेसासूलाही ठाऊक नव्हतं, तुला काय सांगू? उन्हात भाजलेले पाय आतल्या दगडावर टेकले की बरं वाटायचं. शेंदराने माखलेली ती देवी, ते मोठे डोळे! मी काही नवसबिवस बोलले नाही. एवढंच म्हटलं, माय, आज माझ्या बहिणीचं बघ.

बाहेर आले तर माहेरची माणसं येऊन पोचली होती. अक्काने केळीचा अख्खा घड खांद्यावर घेतलेला, घामाने निथळत होती. मागे आमचा भाऊराया, नवी टोपी, कडक धोतर, हात मोकळे. दोघं एकाच एसटीने आले होते आणि वाटेत एक अक्षर बोलले नव्हते.

न्हावी वस्तरा घासून तयार. पाट मांडलेला. "मामा कोन शे? बिगी बसा, मांगे रांग शे," तो ओरडला. चुलतभावाने धोतर सावरलं आणि तो पुढे झाला. तेवढ्यात अक्काने घड खाली ठेवला आणि पाटावर जाऊन बसली. बसली म्हणजे काय, चांगली फतकल मारून बसली.

माझे चुलत सासरे, आबा, त्या दिवशी आमच्याकडचे कर्ते. ते पुढे आले. "उठ व बाई. जाऊळ बाईनी मांडीवर होस का कोठे?"

"नानानी माले धाडेल शे," चुलतभाऊ म्हणाला.

अक्काने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाना खाटवर शेतस," ती म्हणाली. "रानमा कोन शे?"

आबांचा पारा चढला होता. मला वाटलं, आता हे तिला सगळ्यांदेखत उठवणार. तर अक्का त्यांनाच विचारते, "आबा, लगनमा जवाईना कान कोनी पिळा व्हता?"

खरंच की! लग्नात नवऱ्यामुलाचा कान पिळायचा तो नवरीच्या भावाने. माझ्या लग्नात भाऊ कुठून आणणार? अक्का उठली होती आणि तिने ह्यांचा कान असा पिळला होता की वरातीत तो लाल दिसत होता. मांडवात हसून हसून माणसं लोळली होती.

"मी पिळा," अक्का म्हणाली. "कानपिळीनं लुगडं माले तुम्हीच दिधं. तवय मी भाऊ व्हतू, मंग आते काय व्हयनं?"

आमचे हे मुलखाचे अबोल. ते कोपऱ्यात उभे होते. त्यांचा हात आपसूक कानाकडे गेला. ते एका आत्याने पाहिलं आणि ती फिस्सकन हसली. मग दुसरी हसली, मग न्हावी, मग रांगेतली परकी माणसं. आबांनी हसू दाबायचा खूप प्रयत्न केला, पण मिशी हललीच. सासूबाईंनी माझ्या कडेवरून मुलाला उचललं आणि अक्काच्या मांडीवर ठेवलं. "धर मामा," त्या म्हणाल्या, "तुना भाचा."

मुलगा रडून रडून लाल झाला. अक्काने त्याचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं होतं. आत्याच्या पदरात केस पडत होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. अभिमान अभिमान म्हणतात तो काय असतो ते मला तिथे कळलं.

मामाचा मान म्हणून आबांनी गुलाबी फेटा आणला होता. तो हातात घेऊन ते अडखळले. बाईच्या डोक्याला फेटा कसा बांधायचा? अक्काने डोक्यावरचा पदर नीट केला आणि मान खाली घातली. "बांधा आबा, पदरवरच बांधा." आबांनी बांधला. चांगला पीळ देऊन, तुरा काढून बांधला. चुलतभाऊ तोवर एसटीकडे निघून गेला होता.

जाऊळ झालं की बाळाला मामाच्या घरी न्यायचं असतं. म्हणून मुलाला घेऊन मी अक्काबरोबर माहेरी निघाले. एसटीत माणसं वळून वळून बघत होती, पण तिने फेटा काढला नाही. मला मात्र नानांची धास्ती. नानांचा शब्द मोडून आलो होतो ना आम्ही.

उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. नानांची खाट ओट्यावर होती आणि चुलतभाऊ आमच्या आधीच येऊन पायथ्याशी बसला होता. सगळं कानावर घालून झालेलं दिसत होतं. नाना अक्काकडे बघत राहिले. तिचा हात फेट्याकडे गेला. घरात वडिलांपुढे तरी तो काढावा, असं तिला वाटलं असेल.

"उतारू नको," नाना म्हणाले. लकव्याने जीभ जड झाली होती, एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. "गावमाईन एक चक्कर मारी ये. बठ्ठा गावले दिसू दे."

मग आम्ही गावातून निघालो. अक्का पुढे, तिच्या मागे मी, कडेवर तुळतुळीत डोक्याचा माझा मुलगा. बाया-बापड्या दारात येऊन बघत होत्या, आणि अक्का रानात चालते तशीच भराभर चालत होती.