पेढ्यांच्या झाकणावरचा देश

आमच्या मालकाच्या देशाचं नाव मी इथे लिहीत नाही. जुनं लिहिलं तर त्यांचा शेजारी देश चिडतो, नवं लिहिलं तर मालक चिडतो. त्यापेक्षा नकोच.

पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यासाठी एके काळी त्या देशातून माणसं आली आणि वॉलॉंगॉंगची होऊन गेली, मालक त्यांतलाच. सत्तरी कधीच ओलांडलेली. गेट, रेलिंग, ट्रेलर बनवायचं वर्कशॉप, आणि तिथे मी वेल्डर. शिक्षण नववी नापास. वेल्डिंग भोसरीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये शिव्या खाऊन शिकलो. अशा माणसाला ज्याने ऑस्ट्रेलियात कामाला ठेवलं, त्याचे उपकार मी सकाळी बूट घालताना आठवायचो. दुसरा बूट घालेपर्यंत भीती यायची, की आज काढून टाकलं तर?

माझ्या पर्मनंट रेसिडेन्सीचा फॉर्म मालकाच्या एका सहीसाठी अडला होता. ऑफिस मालकाची मुलगी सांभाळायची. ती म्हणायची, "नो वरीज, मेट. डॅडचा मूड बघून पुढे करते." आणि डॅडचा मूड त्या देशाने वर्षभर नासवून ठेवला होता.

देश एवढासा, नकाशावर बोट ठेवलं की बोटाखाली जाईल. त्याला त्या मोठ्या लष्करी युतीत शिरायचं होतं, एकावर हल्ला झाला तर सगळे धावून येतील म्हणणाऱ्या. वीसेक वर्षं हे लोक दारात उभे. सैन्य सुधारा म्हणाले, सुधारलं. दुसऱ्यांच्या लढाईला माणसं पाठवा म्हणाले, पाठवली. सगळं झाल्यावर शेजारी म्हणाला, तुमचं नाव हे आमच्या एका प्रांताचं नाव आहे, ते टाका आणि मग आत या. शेजारी युतीत आधीपासून, आणि तिथे एकाने मान डोलावली नाही की सगळं ठप्प. झेंडा तर याच शेजाऱ्यापायी त्यांनी आधीच बदललेला. शेवटी नावाला एक दिशा जोडून दिली, बोरिवलीला ईस्ट जोडावं तशी. एवढी तीस-तीस देशांची ताकद, आणि अडलं कशावर, तर पाटीवर.

हे सगळं मुलीने मला सांगितलं, पण नंतर. त्याआधी मला एवढंच माहीत होतं, की मालक फोनवर आपल्या भाषेत ओरडतो. मला वाटायचं, प्रवेशाला उशीर होतोय म्हणून चिडतो. मीही माझ्या अर्जापायी तसाच चिडायचो, फक्त आवाज न करता.

अशात सिडनीकडच्या गिरावीनला राहणाऱ्या मित्राचा फोन आला. हा पुण्याचा, आयटीवाला, आणि याला माहीत नाही असा विषय अजून निघायचाय.

"अरे, तुझ्या बॉसच्या देशाला मेंबरशिप मिळाली! झेंडा चढला तिकडे!"

"बरं मग?"

"बरं मग काय? पेढे ने. खुशीत माणूस सही करतो."

"त्याला आवडेल ना पण?"

"देशाला सिक्युरिटी मिळाली, न आवडायला काय झालं? तुला ना, जिओपॉलिटिक्स कळत नाही."

कळत नव्हतंच. कोरोनाची साथ नुकतीच सुरू झाली होती, टेंपररी व्हिसावाल्यांनी आपापल्या देशात परत जावं असं टीव्हीवर बोलत होते, आणि मी टेंपररी. तेव्हा मला कुणी नारळ फोडायला सांगितला असता तरी फोडला असता. दूध पावडर आणि कंडेन्स्ड मिल्कचे पेढे वळले, वर पिस्ते लावले. पांढऱ्या खोक्याच्या झाकणावर काळ्या मार्करने 'अभिनंदन' म्हणून इंग्रजीत लिहिलं आणि खाली देशाचं नाव. नवं, पूर्ण, दिशेसकट. मित्राकडून स्पेलिंग विचारून घेतलं होतं, चूक राहायला नको म्हणून. कागदावर एक शब्द वाढला तर काय मोठं, असं मला खरंच वाटत होतं.

दहाच्या चहाला मी खोकं दोन्ही हातांनी मालकापुढे धरलं. त्याने चष्मा चढवून वाचलं. मग परत वाचलं.

"हे कुठे आहे?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "बॉस, तुमचा देश."

"मी या देशात जन्मलो नाही. माझा बाप या देशात पुरलेला नाही. कोण राहतं इथे? तू?"

मुलगी ऑफिसातून म्हणाली, "डॅड, झालं ते झालं. निदान आता कोणी हल्ला तरी करणार नाही."

"करायला काय ठेवलंय? जे न्यायचं ते गोळी न झाडता नेलं!"

झाकण त्याने फाडलं आणि भंगाराच्या पिंपात टाकलं. पेढे मात्र आत घेऊन गेला. मी ग्राइंडर लावून बसलो, दिवसभर गरज नसलेल्या कडा घासत. आभार मानायला गेलो आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं तिकीट फाडून आलो. गिरावीनहून मेसेज, "सही झाली का?" मी अंगठा पाठवला. त्याच्या जिओपॉलिटिक्सला तेवढं पुरे होतं.

तीन आठवडे मालक माझ्याशी फक्त मापांत बोलला. चौथ्या सोमवारी ऑफिसात बोलावलं. टेबलावर फॉर्म, वर माझा पासपोर्ट, बाजूला ते खोकं, रिकामं. मुलगी दारात उभी होती. मी मनातल्या मनात सामान भरायला घेतलं.

मालक पासपोर्टवर बोट टेकवून म्हणाला, "हे कोण?"

"मी, बॉस."

"एवढं लांब?" त्याने माझं नाव, बापाचं नाव, आडनाव बोटाने मोजलं. "चार वर्षं मी तुला दोन अक्षरांनी हाक मारतोय. ते कुणी ठेवलं?"

मला आठवलं. पहिला दिवस. त्याने नाव विचारलं होतं, आणि तो अडखळायच्या आत मीच म्हणालो होतो, सोपं करून सांगतो, बॉस, एवढंच म्हणा.

"मीच," मी म्हणालो.

"कुणी मागितलं होतं?"

"नाही."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. कीव असती तर चाललं असतं. त्याच्या देशाला वीसेक वर्षं दारात उभं केलं, सगळ्या जगाने समजावलं, धमकावलं, तेव्हा कुठे त्यांनी नाव सोडलं, तेही अर्धंच. मी उंबऱ्यावरच सोडलं होतं, बूट काढावेत तसं.

"म्हण," तो म्हणाला. "पूर्ण. हळू."

मी म्हटलं. त्याने तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा बापाच्या नावावर घसरला, आपल्या भाषेत एक सणसणीत शिवी घातली आणि सही केली. पेन असं दाबलं की खालच्या पानावर उमटलं.

"त्या पेढ्यांत साखर जास्त होती," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या टोकावरून त्याने हाक मारली. तीच, दोन अक्षरांची. "येस, बॉस," मी म्हणालो आणि वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली.